रिकामं भोक

रविवार, रात्र

दोनदा साबण लावला तरी नखं काळीच आहेत. आठवडाभर तशीच राहणार. असो, गाडीचा गिअरबॉक्स उतरला. जुन्या सतरंजीवर आडवा पडलाय आणि जेवढा जड होता त्याच्या निम्म्याने लहान दिसतोय.

खरं तर त्या बिचाऱ्याचं काहीच बिघडलेलं नव्हतं. गेली होती क्लच प्लेट, इंजिनचा जोर गिअरबॉक्सला देणारी चकती. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी आपल्याच चालीने. पण प्लेट बसते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे, म्हणून त्या वीतभर चकतीसाठी तीसेक किलोचं धूड खाली घ्यावं लागतं.

बाबांचे गुडघे आता गाडीखाली झोपू देत नाहीत, त्यामुळे दोन्ही दिवस ते शेजारी खुर्ची टाकून बसले होते. शनिवारी गाडी चार स्टँडवर चढवली आणि मी आत शिरणार, तोच म्हणाले, "अगं, आधी हलवून बघ." हलवली. तरी समाधान नाही. काढलेली चाकं आडवी करून चासीखाली सरकवली, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. मी चिडले होते, पण त्यात त्यांचंच बरोबर होतं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर, गिअर लिव्हर, क्लच केबल, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, सगळं तासाभरात सुटलं. ऑइल काढताना तेवढं शहाणपण केलं: आधी भरायचा प्लग सैल होतो का ते पाहिलं, मग खालचा उघडला. खालून रिकामा केला आणि वरचा प्लग जाम निघाला तर नवीन ऑइल भरणार कुठून?

प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, काढायच्या आधी त्याच्या जोडावर (फ्लँजवर) पांढऱ्या रंगाची रेघ मारली, परत बसवताना तसाच बसावा म्हणून. बाबा म्हणाले, शाफ्ट ओढलास की गिअरबॉक्सच्या शेपटीला लगेच प्लास्टिकची पिशवी बांध. म्हटलं, ऑइल तर काढलंय, आता कसली पिशवी? शाफ्ट ओढला आणि उरलंसुरलं अर्धी वाटी ऑइल थेट बाहीत. गिअर ऑइलला गंधकाचा सडका वास असतो. तो कुडता आता फडकं म्हणूनच वापरायचा.

आज बेल हाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनला जोडलेल्या घंटेसारख्या तोंडाचे बोल्ट. त्यांची लांबी सारखी नसते, म्हणून पुठ्ठ्यावर हाउसिंगचा आकार काढून बोल्टांच्या जागी भोकं पाडली. निघेल तो बोल्ट आपल्या भोकात. वरचे बोल्ट दिसतच नाहीत. गिअरबॉक्सला खालून धरणारी मागची आडवी पट्टी (क्रॉस मेंबर) सोडली, इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, संपखाली, लाकडाची फळी ठेवून इंजिन जॅकवर हळूहळू थोडं खाली झुकवलं, मग पान्याला दोन एक्स्टेंशन दांडे जोडून गिअरबॉक्सच्या पाठीवरून बोल्ट पकडायची गोटी (सॉकेट) आत सरकवली. सगळं चाचपून. दुपारी पुठ्ठ्यावर सात बोल्ट होते आणि एक भोक रिकामं.

मला वाटलं, बोल्ट हरवला. चुंबक घेऊन अर्धा तास जमीन धुंडाळली. मग म्हटलं जाऊ दे, नवीन आणू, आणि टॉमी (लोखंडी पहार) लावून हाउसिंग उचकटायला लागले. खालच्या बाजूला बोटाच्या नखाएवढी फट पडली, पुढे काही हलेना. घाम, शिव्या, पाणी, पुन्हा टॉमी.

बाबा वाकून बघत होते. म्हणाले, "खाली फट आहे, वर नाही. वरून कोणीतरी धरलंय त्याला."

स्टार्टर मोटरचा वरचा बोल्ट! तो हाउसिंगमधूनच जातो. चिखल आणि ग्रीसचा थर बसून त्याचं डोकं गुळगुळीत गोळा झालं होतं, बोट फिरवलं तरी कळत नव्हतं. मी जमिनीवर शोधत होते तो बोल्ट गाडीतच, आपल्या जागी घट्ट. आणि त्याच्याशी मी तासभर टॉमीने झटत होते. हाउसिंगला तडा गेला नाही हे नशीब.

दादाला बोलावलं. बॉक्स दुसऱ्या जॅकवर पट्ट्याने बांधला आणि त्याने मागून तोलून धरला. गिअरबॉक्समधून पुढे आलेला इनपुट शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांतून पूर्ण सुटेपर्यंत सरळ मागेच यावा लागतो. मधेच वजन शाफ्टवर लटकलं तर प्लेटचा मधला भाग वाकतो. आमची प्लेट जाणारच होती, पण शाफ्ट तोच राहणार. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि खट् करून सुटला.

आत काळं, ओलं. जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून हवा मारली नाही, ओल्या फडक्याने पुसलं. ओल कसली ते बघायला बोट लावून बाबांच्या नाकाशी नेलं. माझ्या नाकात कालपासून गंधकच भरलाय.

"सडका वास नाही," ते म्हणाले.

म्हणजे गिअर ऑइल नाही, इंजिन ऑइल. क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, मागचं सील गळतंय. नवी प्लेट तशीच बसवली असती तर तीही ऑइल पिऊन घसरायला लागली असती. आता सीलपर्यंत पोचायला फ्लायव्हील, म्हणजे प्लेट ज्यावर दाबली जाते ते जड चाक, तेही काढणं आलं.

झोपायच्या आधी पुठ्ठा उलटा करून क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या बोल्टांसाठी सहा भोकं पाडली. या वेळी आधी टॉर्च मारून डोकी मोजली.