बत्तीस मिलिमीटरचं माथेरान

सुरुवातच चुकली. नोकरी संपल्यावरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी माथेरानच्या जुन्या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल करायला घेतलं आणि दीड महिना इमानेइतबारे दार्जिलिंगचं इंजिन घडवत बसलो.

झालं असं, की भाच्याने नेरळला काढलेला एक फोटो मोबाइलवर पाठवला होता. छोटंसं, गोंडस इंजिन. मी फोटो मोठा करून छापला, मापं काढली आणि पितळी पत्रा कापायला लागलो. मग एकदा आत्याकडे नेरळला गेलो असताना तिच्या शेजारच्या काकांना तो फोटो दाखवला. काका ऐंशीच्या पुढचे, आयुष्यभर या गाडीवर ब्रेकवाले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "हे आपलं कुठाय? हा पाहुणा. दार्जिलिंगहून आणलेला. चाकं मोज की."

मोजली. चार होती.

दार्जिलिंगचं बी-क्लास इंजिन पर्यटकांसाठी नेरळला आणलं गेलं होतं, ते हे. त्याची पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसलेली असते. माथेरानची स्वतःची इंजिनं वेगळी. सहा चाकं, टाक्या दोन्ही बाजूंना. अशी चारच इंजिनं होती, क्रमांक ७३८ ते ७४१, जर्मनीतल्या ओरेनस्टाइन उंड कोपेल कंपनीची. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडिलांच्या पैशावर, सुमारे सोळा लाख रुपये घालून ही लाइन बांधली आणि १९०७ च्या मार्चमध्ये गाडी सुरू झाली. तेव्हापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ही चौघं घाट ओढत राहिली. मधे १९५० च्या दशकात डिझेल आलं होतंच, पुढे सगळं काम त्याच्याकडे गेलं. आता त्यांतलं एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, एक थेट इंग्लंडला गेलं. आणि एक नेरळ स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर उभं आहे. त्याच्या समोरून मी आजवर शेकडो वेळा गेलो असेन. तरी फोटो पाहून ओळखता आलं नाही. कारखान्याच्या टूलरूममध्ये पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाने हे कबूल करायचं म्हणजे जरा जडच.

खरं तर या इंजिनामागून मी बसलेलोही आहे. दुसरी-तिसरीत असेन. जुम्मापट्टी स्टेशन सोडल्यावर वळणावर इंजिन बघायला म्हणून डोकं बाहेर काढलं आणि डोळ्यात कोळशाची कणी गेली. आत्याने पदराचा बोळा केला, तोंडाची गरम वाफ त्यावर धरली आणि तो डोळ्यावर दाबत वॉटर पाइप स्टेशन येईपर्यंत मला मांडीवर घेऊन बसली. त्यामुळे अर्धा घाट मी आंधळाच चढलो. चाकांचा आवाज तेवढा आठवतो.

तर, दार्जिलिंगचा सांगाडा फळीवर ठेवून दिला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी अस्सलावरून मापं घ्यायची ठरवलं. रीतसर परवानगी घ्यावी म्हणून एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. तिथून दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. तिसऱ्या फेरीला एका बाबूंनी विचारलं, "मोजून काय करणार?" मी म्हटलं, "लहान करणार." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की अर्जाचं पुढे काय होणार ते मला तिथेच कळलं.

मग आमच्या धंद्यातली जुनी युक्ती केली. सहा फुटी लाकडी पट्टी घेतली, फुटाफुटावर तांबडा-पांढरा रंग दिला आणि इंजिनाजवळ कुणीतरी ती उभी धरायची, इतकंच. फोटो मात्र लांबून, झूम करून काढायचा. जवळून काढला की पुढचा भाग फुगतो आणि मापं खोटी येतात. भाचा पट्टी धरून उभा राहिला. चौकीदार आला, बघून गेला. पट्टी धरायला मनाई कुणी करत नाही.

प्रमाण ठरवणं सोपं होतं. दोन फुटी रुळांच्या गाड्यांसाठी एका फुटाला सोळा मिलिमीटर हे माप छंदिष्टांमध्ये रुळलेलं आहे. म्हणजे माझे रूळ बत्तीस मिलिमीटर रुंद. मॉडेल अस्सलाच्या साधारण एकोणिसाव्या हिश्श्याचं. आत वाफ नाही, बॅटरी आणि गिअरची मोटर. बॉयलर घरात पेटवायला बायकोचा विरोध होता, आणि तो रास्त होता.

फ्रेम, चाकं, क्रँक, रॉड हे सगळं दिवाळीपर्यंत उरकलं. गॅलरीत अडीच फूट त्रिज्येचं गोल वळण टाकलं आणि गाडा त्यावर सोडला. सरळ रुळावर झकास. वळणावर पुढचं चाक चढलं आणि गाडा आडवा.

ठीक आहे, म्हटलं, मधल्या चाकांची फ्लँज, म्हणजे रुळाच्या आत राहणारी कड, काढून टाकू. काढली. आता चढत नव्हता, अडकत होता. मग टोकाच्या एक्सलना डावी-उजवीकडे जरा ढिलाई दिली. तर चाकं एकमेकांना जोडणारे बाहेरचे रॉड तिरके होऊन क्रँकवर आवळायला लागले. मोटर नुसती घूं घूं करायची. सहा चाकं एका ओळीत कडक बांधली, तर ती सरळ रेषाच मागणार. आणि नेरळ-माथेरानच्या एकवीस किलोमीटरमध्ये सरळ रेषा शोधावी लागते, शिवाय चढ वीसास एक. मग ही बया पंचाहत्तर वर्षं तिथून गेली कशी?

उत्तर बाहेरून दिसत नाही. या इंजिनाची चौकट चाकांच्या बाहेर आहे. चाकं आत लपलेली, बाहेर दिसतात ते फक्त क्रँक आणि रॉड. शेवटी एका रविवारी सकाळी लवकर जाऊन चौथऱ्यावर पालथा झालो आणि टॉर्च घेऊन खाली डोकं घातलं. पहिल्यांदा गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं. ते चुकवून जरा पुढे सरकलो, तर टोकाचा एक्सल एक्सलसारखा नव्हताच. जाडजूड नळकांडं होतं.

घरी येऊन वाचलं, तेव्हा नाव कळलं : क्लीन-लिंडनर एक्सल. कल्पना अशी, की एक्सल दोन असतात, एकात एक. आतला भरीव. तो चौकटीत कडक बसलेला, त्याच्या टोकांना बाहेरचे क्रँक, त्यामुळे रॉड कधी तिरके होत नाहीत. त्याच्यावर सैलसर नळी आणि चाकं त्या नळीवर. आतल्या एक्सलच्या मधोमध गोळा, गोळ्यातून आरपार पीन, आणि पिनेच्या टोकांवरून नळीला फिरकी मिळते. नळी गोळ्यावर डुलू शकते आणि थोडी सरकूही शकते. म्हणजे रॉडला वाटतं एक्सल सरळ आहे आणि रुळाला वाटतं तो वळला आहे. दोघंही खूश. पुढचा आणि मागचा एक्सल असा, मधला साधा. पस्तीस वर्षं मी जिग आणि फिक्श्चर केले, पण इतकी सोपी लबाडी मला सुचली नसती.

सुचणं आणि करणं यात मात्र दोन महिने गेले. सहा मिलिमीटरच्या रॉडमध्ये लेथवर गोळा काढायचा होता. पहिल्या तीन गोळ्यांना कानस जास्त लागली, ते अंडाकृती झाले. चौथा जमला, तर पिनेचं भोक अर्ध्या मिलिमीटरने तिरपं गेलं. नळीत पिनेसाठी लांबट खाचा ठेवायच्या असतात. त्या तंग झाल्या तर नळी डुलत नाही, सैल झाल्या तर चालताना टकटक आवाज येतो. माझी अजून थोडी टकटकते. राहू दे म्हटलं.

जानेवारीत एका रात्री अकरा वाजता गाडा पुन्हा वळणावर ठेवला. पुढची चाकं आत वळली, मागची उलट वळली, रॉड आपले शांतपणे पुढे-मागे. दहा फेऱ्या झाल्या. बायको उठून आली, बघितलं, म्हणाली, "आता झोपा." मी झोपलो नाही.

वरचं अंग तुलनेने झटपट झालं. टाक्या, केबिन, धुराडं, सगळं पातळ पितळी पत्र्याचं. झाळायचं काम पूर्वी नवसागर लावून करायचो, आता तयार पेस्ट मिळते. खिळ्यांची डोकी मागून बोथट सुईने ठोकून उठवली, एका टाकीवर किती ते विचारू नका. त्यानंतर सागवानी पट्ट्यांचे दोन डबे केले. डब्यांत मी फारसा जीव ओतला नाही, हे खरं. मन इंजिनात होतं.

उन्हाळ्यात सगळं खोक्यात भरून नेरळला नेलं. आत्याच्या अंगणात प्लायवुडवर रूळ मांडले. काकांना खुर्ची दिली. मी इंजिन उलटं करून त्यांना गोळा, नळी, पीन, खाचा असं साग्रसंगीत दाखवलं. ते हूं हूं करत होते. मग गाडी सोडली. दोन डबे घेऊन ती वळणावरून सुरेख फिरली. काका खुर्चीतून वाकले, पण इंजिनाकडे नाही, डब्यांकडे बघत होते. गाडी तीनदा पुढून गेली, तरी बघतच होते.

"माझा ब्रेक कुठाय?" त्यांनी विचारलं.

डब्यांवर ब्रेकच नव्हते. मी केलेच नव्हते. घाट उतरताना गाडी धरून ठेवायची ती इंजिनाने नाही, डब्यांवर उभं राहून हँडल आवळणाऱ्या माणसांनी. ड्रायव्हरची शिटी आली की आवळा, पुन्हा आली की सोडा, भर पावसात आणि धुरातसुद्धा. काकांनी हवेत दोन्ही हात धरून ते हँडल फिरवून दाखवलं. उजवा हात वर, डावा खाली, अंगठे बाहेर. शेवटी एक छोटा झटका. "हा झटका महत्त्वाचा. नाहीतर सुटतं."

डबे परत आणलेत. हँडलला जाड तार वापरतोय आणि तिला आटे पाडायचे आहेत. त्या मापाची डाय पुण्यात मिळत नाही, मुंबईहून मागवली आहे.