मिरकरवाडा ते मालवण : बोटीवरचा फ्रीज आणि ‘गॅस कमी आहे’

इंजिन चालू असताना फ्रीज थंड करतो आणि नांगर टाकला की दर मिनिटाला सुरू होऊन लगेच बंद पडतो. असं झालं तर गॅसवाल्याला बोलावू नका. विजयदुर्गच्या मुक्कामात नेमकी हीच चूक झाली. ‘गॅस कमी आहे’ म्हणत मेकॅनिकनं वजन न करताच गॅस भरला आणि दोन हजार घेतले. देवगडपर्यंत गॅसची परतीची नळी थेट कंप्रेसरपर्यंत (गॅस दाबणारा पंप) बर्फानं पांढरी झाली होती. ही जादा गॅसची खूण. एवढ्याशा यंत्रणेत आर-१३४ए हा फ्रीजचा गॅस काट्यावर तोलूनच भरतात, तेही व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि दमटपणा काढल्यावर. नुसतं अंदाजानं ‘टॉप-अप’ करणाऱ्याला बोटीवर घेऊच नये.

खरा दोष वायरीत होता. बॅटरीपासून कंप्रेसर पाच मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. अडीच चौरस मिमीच्या वायरीत दहा अँपिअरला पाऊण व्होल्ट तिथेच जातो, आणि खाऱ्या हवेनं हिरवे पडलेले लग (वायरीच्या टोकाची तांब्याची जोडणी) आणखी खातात. इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवरचं बॅटरी चार्ज करणारं जनित्र, हे झाकून टाकतो. बीडी ३५ सारख्या बारा व्होल्टच्या कंप्रेसरचं मॉड्यूल (त्याला चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) व्होल्टेज पडलं की बॅटरी वाचवायला स्वतःच थांबतं. मॉड्यूलच्या ‘+’ आणि ‘डी’ टोकांत छोटा एलईडी जोडून ठेवा. एकदा लुकलुकला तर व्होल्टेज कमी, तीनदा तर मोटर सुरू होत नाही, पाचदा तर मॉड्यूल तापलंय. पाच रुपयांच्या या दिव्यानं दोन हजार वाचले असते.

सहा चौरस मिमीची कलई केलेली केबल थेट बॅटरीवरून आणा, स्विचबोर्डातून नको. पंधरा अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच. कंप्रेसर सुरू होताना दोन्ही टोकांचे व्होल्ट मोजा, फरक ०.४ च्या वर गेला तर काम पुन्हा करा.

फ्रीजच्या पेटीत काटकसर नको. साठ लिटरला चारही बाजूंनी, तळाला आणि झाकणालासुद्धा १०० मिमी पफ (उष्णतारोधक फोम) लागतो. ५० मिमी थर्मोकोलमधून जवळजवळ तिप्पट उष्णता आत येते, वर तो पाणीही पितो. पाणी काढायच्या नळीला यू आकाराचा वळसा द्या, नाहीतर थंड हवा रात्रभर बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, गळत राहते. कंप्रेसर इंजिनाच्या खणात बसवणं हा शुद्ध वेडेपणा. पन्नास अंशांच्या हवेत कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी जाळी, उष्णता सोडणार कुठे?

हिशोब असा : चार अँपिअर, निम्मा वेळ चालू, म्हणजे दिवसाला ४८ अँपिअर-तास. शंभर अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मे गेले. दोनशे वॅटचं सोलर पॅनल नसेल तर सरळ जेटीवरून बर्फाची लादी घ्या.

देवगड-मालवण टप्पा निवांत गेला. मालवणात शिरताना मात्र कंडेन्सरच्या पत्र्यांवर मीठ बसलेलं होतं. मऊ ब्रश आणि गोडं पाणी, दर पंधरा दिवसांनी, वीज बंद करून.