पळस फुलला आणि आमचे आरक्षण ‘प्रलंबित’ राहिले

पंचांगात वसंत ऋतू चैत्र-वैशाखात येतो, पण सोलापूरकरांना तो चैत्राच्या भरवशावर सोडून चालत नाही. गुढीपाडव्यापर्यंत इथले ऊन चाळिशीकडे सरकू लागलेले असते. त्यामुळे शेतावरच्या घरात राहून वसंत अनुभवायचा असेल, तर हुरड्याचा हंगाम संपल्यापासून रंगपंचमीच्या मागेपुढे मिळणारे मोजके आठवडेच हाती असतात. याच आठवड्यांत पळस फुलतो, कडुलिंबाला तांबूस पालवी फुटते, ज्वारीची काढणी-मळणी चालते आणि पहाटे अजून पांघरूण लागते. एका आरक्षण कंपनीने आणि एका बँकेने मिळून यातले बरेचसे दिवस आमच्या हातून घालवले. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून ही हकिगत सविस्तर लिहीत आहे.

जागा निवडायला वेळ लागला नाही. सोलापूरहून बार्शीकडे जाताना, वैरागच्या पुढे, बालाघाटच्या टेकड्या दिसतील अशा शेतात एका शेतकरी कुटुंबाने पाहुण्यांसाठी दोन घरे बांधली आहेत. एक पत्र्याचे आणि एक जुन्या पद्धतीचे, माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे. आम्हाला माळवदाचे हवे होते. ऑनलाइन आरक्षण एका कंपनीमार्फत होते. मी यूपीआयने संपूर्ण रक्कम भरली, बँकेचा ‘खात्यातून वजा’ असा संदेश आला, आणि कंपनीच्या पानावर मात्र आरक्षणापुढे ‘प्रलंबित’ हा शब्द येऊन बसला.

तो शब्द हलेना. कंपनीच्या ग्राहक कक्षात फोन केला की पैसे मिळालेच नाहीत, बँकेत विचारा, असे सांगत. बँकेच्या मदत क्रमांकावर विचारले की व्यवहार यशस्वी दिसतो आहे, ज्यांना पैसे दिले त्यांच्याकडे मागा, असे उत्तर मिळे. दोन्हीकडची माणसे गोड बोलत आणि प्रत्येक वेळी नवीन माणूस फोनवर असल्यामुळे मला सगळी कथा पहिल्यापासून सांगावी लागे. सर्वात वाईट गोष्ट अशी की ‘प्रलंबित’ असल्यामुळे त्या तारखांना ते घर यादीत भरलेलेच दिसत होते. म्हणजे आम्हाला ते मिळत नव्हते आणि दुसऱ्या कोणालाही मिळत नव्हते. मालकांना मी थेट फोन केला, तर ते म्हणाले, “आमच्या हातात काय नाही बघा साहेब, कुलूप त्यांच्याकडं हाय. पण पैशाचं काय ते नंतर बघू, पळस उतरायच्या आत या म्हणजे झालं.” कंपनीशी करार असल्यामुळे तिने अडकवलेली तारीख त्यांना परस्पर देता येत नव्हती, आणि त्यांचेही भाडे बुडत होते.

कंपनीच्या एका प्रतिनिधीने सुचवले की पुन्हा रक्कम भरा, आधीची नंतर आपोआप परत येईल. मी स्पष्ट नकार दिला आणि तुम्हीही द्यावा. पहिल्या व्यवहाराचा निकाल लागल्याशिवाय दुसऱ्यांदा पैसे भरल्यास दोन तक्रारी सांभाळाव्या लागतात, आणि घर मिळण्याची हमी तरीही कोणी देत नाही.

कोंडी फुटली ती क्रमांकामुळे. यूपीआय ॲपमध्ये व्यवहाराचे तपशील उघडले की दोन क्रमांक दिसतात. एक ॲपचा स्वतःचा, अक्षरे आणि अंक मिसळलेला. दुसरा बँकांच्या व्यवस्थेतला, बारा अंकी, ज्याला यूटीआर म्हणतात. कंपनी माझ्याकडून पहिला क्रमांक लिहून घेत होती आणि काही दिवसांनी ‘नोंद आढळली नाही’ असे कळवत होती. दुसरा हवा आहे, हे सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही. शेवटी मी बँकेच्या शाखेत जाऊन बसलो. तिथल्या एका अधिकारी बाईंनी तो बारा अंकी क्रमांक संगणकात घातला, पडदा माझ्याकडे वळवला आणि दाखवले की रक्कम आमच्या खात्यातून निघाली आहे, पण दुकानदाराकडे, म्हणजे कंपनीकडे, पोचल्याची पावती नाही. इतक्या फोननंतर पहिल्यांदा कोणीतरी खरी स्थिती सांगितली, याचे मला फार हायसे वाटले.

अशा स्थितीसाठी नियम आहे आणि तो माहीत असला की बोलण्याला जोर येतो. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून वजा झाले आणि त्याच्याकडे व्यवहाराची खातरजमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे होणाऱ्या विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई द्यायची असते, तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. आमचे पाच दिवस केव्हाच उलटले होते. मी यूटीआर, बँकेच्या संदेशाचे छायाचित्र आणि खातेउताऱ्याचे पान जोडून शाखेत लेखी अर्ज दिला, त्यावर तारखेसह पोच घेतली, आणि त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर कंपनीविरुद्ध तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीने ती अडकवलेली तारीख सोडली. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नसते, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याची माझी तयारी होती. तशी वेळ आली नाही.

तारीख मोकळी होताच मालकांनी फोनवरच घर आमच्या नावाने ठेवले आणि आम्ही निघालो. पळसाचा भर ओसरू लागला होता, तरी बांधावरच्या एका झाडाने आमची वाट पाहिली असेच मी म्हणेन. पळसाचे फूल हातात घेऊन पाहावे. केशरी पाकळ्या ज्या पेल्यातून निघतात तो जवळजवळ काळा आणि मखमलीसारखा असतो, आणि आतली एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली असते. सकाळी साळुंख्या आणि बुलबुल त्या फुलांत चोची घालून मध पीत आणि त्यांच्या कपाळाला परागकणांची पिवळी पूड लागे. आई खाटेवर बसून तासन् तास ते पाहत होती. शेजारच्या रानात मालदांडी ज्वारीची कणसे खुडून झाली होती आणि कडब्याच्या पेंढ्या बांधणे चालू होते. चुलीवरची भाकरी, शेंगाचटणी आणि त्याच रानातला कांदा एवढेच जेवण होते आणि त्यापेक्षा जास्त काही हवेसे वाटले नाही.

माळवदाच्या घराचा आग्रह धरावा, हे आधीच लिहायला हवे होते. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि मातीचे छत यांमुळे दुपारी दोन वाजताही आत गारवा राहतो. पत्र्याच्या घरातले पाहुणे मात्र दुपारभर चिंचेखाली बसून होते. फिरणे सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच ठेवावे. परतताना नान्नजच्या माळढोक अभयारण्यात अवश्य थांबावे. १९७९ साली जाहीर झालेल्या या अभयारण्यात माळढोक पक्षी दिसणे आता फार दुर्मीळ झाले असले, तरी काळविटांचे कळप गवतात सहज दिसतात आणि त्यांच्यातले काळेभोर नर, पीळदार शिंगे घेऊन उभे असलेले, लांबूनही ओळखू येतात. नान्नज हे सोनाका द्राक्षांचेही गाव आहे आणि हा हंगाम द्राक्षांचा असल्यामुळे पेटी घ्यायला जागा ठेवून जावे.

पैसे आम्ही परत आल्यावर खात्यात जमा झाले. भरपाई मात्र, नियम काहीही म्हणो, आपोआप आली नाही. ती वेगळा अर्ज देऊन, परिपत्रकाची प्रत जोडून मागावी लागली आणि तेव्हा मिळाली. दरम्यान रक्कम जमा होण्याच्या आधीच कंपनीने ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश पाठवला होता. असा संदेश आला की पासबुक भरून आणावे, आणि रक्कम प्रत्यक्ष दिसत नसेल तर त्याच दिवशी तक्रार पुन्हा उघडायला लावावी.