पाणमांजर नाही म्हणालं

कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेचं मत्स्यालय १९८४ साली सार्डिनचे डबे भरणाऱ्या एका बंद कारखान्याच्या जागी उभं राहिलं. सोलापुरात बंद गिरण्या बघत वाढलेला माणूस तिथं आधीच जरा चिडून शिरतो. पण परवाचं निमित्त वेगळं.

समुद्री पाणमांजरांच्या जेवणाची वेळ होती. प्रत्येकाची खूण म्हणून एक वस्तू ठरलेली. ती नाकानं शिवली की शिट्टी, मागोमाग कोळंबी. शिट्टी अशासाठी की खाऊ तोंडाशी येईस्तोवर जनावर आणखी दोन उद्योग करून मोकळं होतं, मग शाबासकी नेमकी कशाची ते त्याला कळत नाही. याच पद्धतीनं पंजा दाखवणं, तोंड उघडणं, आपणहून पिंजऱ्यात शिरणं शिकवतात. डॉक्टरला धरपकड करावी लागत नाही.

परवा एक मादी खुणेकडं बघेचना. उताणी तरंगत पोट चोळत राहिली. हे जनावर दिवसाला वजनाच्या जवळजवळ पावपट खातं. म्हटलं, आता बसली उपाशी. शिकवणाऱ्या मुलीनं वहीत काहीतरी टिपलं आणि थोड्या वेळानं तिचा वाटा तिला देऊन टाकला. नाही म्हणायची मुभा आहे, म्हणाली. उपाशी ठेवून शिकवत नाही.

हे मला उगाच लागलं. गड्ड्याच्या जत्रेतला नंदीबैलसुद्धा 'नाही' म्हणून मान हलवायचा, पण मालकाच्या इशाऱ्यावर. आणि मोहोळकडच्या रानात आजोबांची खिलारी जोडी अडली की वेसणीला हिसका, तरी नाही तर चाबूक. दहाव्या वर्षी तो हिसका मीही दिलाय. पण याच आजोबांनी बेंदराच्या आदल्या दिवशी हळद-लोण्यानं बैलांचे खांदे मळले, आणि बैल आजारी पडला तेव्हा ताटावरून उठले. हे त्या मुलीला इंग्रजीत सांगायला गेलो तर नुसताच चाबूक उरला असता. शिवाय पाणमांजराला पाच एकर पेरायचे नसतात.

मग दुसरंच ऐकवलं: भारतानं २०१३ मध्ये डॉल्फिनच्या खेळांना बंदी केली, तुमच्या कॅलिफोर्नियात मात्र खाली दक्षिणेला ते अजून तिकीट लावून चालतात. "बरोबर आहे तुमचं," म्हणाली. भांडायची सगळी तयारी फुकट गेली.

रात्री अण्णांना फोनवर सगळं सांगितलं. खूण, शिट्टी, वही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नाही म्हणू देतात, चांगलंय की," म्हणाले. "मग त्या दिवशी कुळवाची पाळी कोण घालतं?"