साडेसात किलो बेदाणा भागिले सव्वा

परवा तासगावकडच्या मावसभावानं बेदाण्याचा बॉक्स पाठवला, पंधरा किलोचा असतो तो, निम्मा जाऊबाईंना दिला आणि आमच्याकडं साडेसात किलो राहिला. सासूबाई म्हणाल्या सव्वा सव्वा किलोच्या पुड्या बांधूया, पाव्हण्यांना द्यायला बऱ्या पडतील. लेक सहावीत आहे आणि नेमके तिचे अपूर्णांकांचे भागाकार चालू आहेत, म्हणून तिला म्हटलं सांग बघू किती पुड्या होतील. ती वही घेऊन बसली आणि दोन मिनिटांत उत्तर आणलं, नऊ.

वही बघितली तर तिनं सातला एकनं भागलं होतं, सात आले, मग अर्ध्याला पावनं भागलं, दोन आले, दोन्ही मिळवून नऊ. ही चूक हुशार पोरंसुद्धा करतात, कारण बेरजेत असंच चालतं ना, पूर्णांक वेगळे मिळवायचे आणि अपूर्णांक वेगळे. पण भागाकारात पुडी फोडता येत नाही. एकेका पुडीत आख्खा सव्वा किलो जायचाय, एक किलो सात किलोतनं आणि पाव किलो अर्ध्यातनं असं नसतं ते.

तेवढ्यात सासूबाई हातातल्या शेंगा बाजूला ठेवून बोटांवर मोजायला लागल्या, "सव्वा, अडीच, पावणेचार, पाच, सव्वासहा, साडेसात. सहा होतात की गं." झालं! त्यांच्या वेळी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी सगळं पाठ करून घ्यायचे, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, तोसुद्धा. लेकीनं औटकी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला.

मला मनापासून वाटतं की आपल्या मराठी पोरांना हा भाग अवघड जायलाच नको. सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन हे सगळे पूर्णांकयुक्त अपूर्णांकच आहेत आणि ते आपण दिवसभर तोंडानं बोलतो. पुस्तकात तेच "एक पूर्णांक एक चतुर्थांश" असं येतं आणि पोरगं बिचकतं.

मग मी तिला म्हटलं सगळं पावात मोज. सव्वा म्हणजे पाच पाव, साडेसात म्हणजे तीस पाव. तिसात पाच किती वेळा? सहा. बस एवढंच आहे, पुस्तकात "अंशाधिक अपूर्णांकात रूपांतर करा" म्हणतात ते हेच, ५/४ म्हणजे पाच पाव आणि १५/२ म्हणजे पंधरा अर्धे, तेच तीस पाव.

आता भागाकारात भाजक उलटा करून गुणायचं, हा नियम कुठनं आला? मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, नुसतं पाठ केलं होतं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण सांगायला एक मिनिट लागतं. एक किलोत सव्वाची पुडी किती भरेल? पुडीला पाच पाव लागतात, एक किलोत चारच आहेत, म्हणजे पुडीचे चार पंचमांश भरतील, ४/५. एका किलोची ४/५ पुडी तर साडेसात किलोच्या साडेसात गुणिले ४/५, म्हणजे १५/२ × ४/५, सहाच. ५/४ चा गुणाकार व्यस्त ४/५ असा आला. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, हाच नियम आहे, भाजकाचे अंश आणि छेद उलटे करा आणि पुढं गुणाकारासारखं करा.

खरी गंमत पुढं झाली. सासूबाईंनी सव्वादोन किलो घरात ठेवायला काढून घेतला, राहिला सव्वापाच, आणि म्हणाल्या आता पुड्या दीड दीडच्या करा, तीन घरीच द्यायच्यात. लेकीनं वहीत मांडलं, २१/४ भागिले ३/२, म्हणजे २१/४ × २/३, ४२/१२, साडेतीन. बरोबर! मग म्हणाली, "आई, तीन पुड्या होतील आणि अर्धा किलो उरेल."

मी काही बोलले नाही, तीन पुड्या बांधल्या आणि उरलेला बेदाणा तिलाच काट्यावर ठेवायला लावला. ७५० ग्रॅम. ती काट्याकडं बघतच राहिली, परत ठेवून बघितलं, तेवढंच. मग हळूच म्हणाली, "अर्धी पुडी उरली, अर्धा किलो नाही." दीडचा अर्धा पाऊण. उत्तरातला तो अर्धा किलोचा नसतो, पुडीचा असतो, हे तिला त्या काट्यानं शिकवलं, मी दहा वेळा सांगून एवढं पक्कं बसलं नसतं. आईबाबांनो, हे एकदा घरी करूनच बघा, साखर घ्या, तांदूळ घ्या, काहीही चालेल.

तृतीयांश आले की पावात मोजता येत नाही एवढंच. काल पुस्तकातलं गणित होतं, तीन पूर्णांक एक तृतीयांश भागिले सव्वा. १०/३ आणि ५/४, दोन्हीचा छेद बारा केला की ४०/१२ आणि १५/१२, सगळे तुकडे सारखे झाले, मग चाळिसात पंधरा किती वेळा एवढंच उरतं, ४०/१५ म्हणजे ८/३. पण लेकीनं वहीत काही मांडायच्या आधीच बोटांवर मोजलं, सव्वा, अडीच, पावणेचार, आणि म्हणाली उत्तर दोन आणि तीनच्या मधे येणार. आलं दोन पूर्णांक दोन तृतीयांश.