उंदराची जन्मतारीख

माझ्या स्वतःच्या जन्मदाखल्यासाठी नगरपालिकेत घातले नसतील तेवढे खेटे मी अकरा उंदरांच्या जन्मतारखांसाठी घातले.

आमच्या लॅबमध्ये उंदरांच्या मेंदूतल्या विद्युत संकेतांचं तीन वर्षांचं रेकॉर्डिंग पडून होतं. ते उघडायचं कसं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. फोल्डरची नावं ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरं फायनल’. शेवटी सरांनी ठरवलं, सगळं ‘न्यूरोडेटा विदाउट बॉर्डर्स’, म्हणजे एनडब्ल्यूबी या सामायिक मानकात आणून दांडी या खुल्या संग्रहात ठेवायचं. ऑनलाइन प्रशिक्षण मी एकटीनेच घेतलेलं, त्यामुळे पीएचडीच्या चार मुलांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात.

शिकवणं दोन दुपारींत झालं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येणाऱ्याला पाय-एनडब्ल्यूबी, म्हणजे या मानकातल्या फायली बनवायची पायथन लायब्ररी, अवघड नाही.

मग फायली एनडब्ल्यूबी इन्स्पेक्टर या चुका शोधणाऱ्या प्रोग्रॅममधून तपासल्या. हा इन्स्पेक्टर दांडीच्या नियमांवर लावला की भलताच कडक होतो. प्रजातीच्या जागी नुसतं ‘रॅट’ चालत नाही, ‘रॅटस नॉर्व्हेजिकस’ असं शास्त्रीय नाव लागतं. हे मला पटलं. आपल्याकडे रॅट काय नि माऊस काय, दोन्ही उंदीरच. लिंग एका अक्षरात. आणि वय? ते आमच्या एकाही वहीत नव्हतं. वजन होतं, भुलीचा डोस होता, शस्त्रक्रियेची वेळ मिनिटासकट होती. वय नाही.

जन्मतारखा प्राणीगृहाच्या रजिस्टरात असतात, म्हणून तिथे गेले. खिडकीतल्या काकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “उंदीर जिवंत आहेत का?” नाहीत म्हटलं. “मग आता तारीख कशाला?” मी मानक, संग्रह, खुलं विज्ञान वगैरे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “अर्ज द्या.” अर्ज दिला. चार दिवसांनी कळलं, त्यावर विभागप्रमुखांची सही हवी. सही आणली, तर रजिस्टर ऑडिटला गेलेलं. ते परत आलं तेव्हा काका रजेवर, आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. मुलं रोज विचारायची, “ताई, वाढदिवस मिळाले का?” पहिल्या आठवड्यात मीही हसत होते.

एकोणिसाव्या दिवशी चिडून इन्स्पेक्टरचे नियम मुळातून वाचायला बसले. वयाला नेमका आकडाच लागतो असं नाही! नव्वद दिवसांचं वय ‘पी९०डी’ असं लिहितात हे मला माहीत होतं. पण मध्ये तिरकी रेघ देऊन ‘पी६०डी/पी१२०डी’ असा पल्लाही चालतो. वरची मर्यादा माहीत नसेल तर रेघेनंतर काही लिहिलं नाही तरी चालतं. आमच्या मंजूर प्रस्तावात शस्त्रक्रियेचं वय ६० ते ९० दिवस असं लिहिलेलंच होतं आणि रेकॉर्डिंग त्यानंतरच्या महिन्याभरात उरकलेलं. संध्याकाळपर्यंत अकराही फायली पास. आनंद झाला, पण त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

तेव्हा नियम आधी वाचा, अर्ज नंतर करा. त्याहून बरं म्हणजे उंदीर ताब्यात घ्याल त्याच दिवशी पिंजऱ्यावरच्या कार्डाचा फोटो काढून ठेवा.

पायथनऐवजी मॅटलॅब ही भाषा वापरणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं: मॅटलॅब फायलीत मितींचा (डायमेन्शन्सचा) क्रम उलटा लिहितं. वेळ पहिल्या मितीत ठेवलीत तर पायथनमध्ये ती शेवटी दिसते आणि इन्स्पेक्टर ओरडतो. आमचा एक मुलगा यात अख्खा दिवस अडकला होता. मी खिडकीशी उभी असल्यामुळे त्याला मदत करायला कोणी नव्हतं.

आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीच्या वेळेबरोबर टाइमझोन द्या. नाही दिलात तर फाइल बनवणाऱ्या मशीनचा धरला जातो. आमचा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, त्यामुळे सकाळी दहाचं रेकॉर्डिंग जगाला भारतीय वेळेने दुपारी साडेतीनचं दिसत होतं.

काकांचं पत्र परवा आलं. अकरापैकी नऊ तारखा आहेत. उरलेल्या दोनसाठी नवा अर्ज मागितलाय.