फोंडा ते कोइमतूर: ट्रॅकसाठी बांधलेली स्विफ्ट आणि साडेसातशे किलोमीटरचा रस्ता

फोंड्याहून कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेपर्यंतचं अंतर मंगळूर-कोझिकोडमार्गे साडेसातशे किलोमीटरच्या आसपास भरतं. ट्रॅकचा एक फेरा २.१ किलोमीटरचा. दिवसभरात पाच सेशन (ट्रॅकवर धावायच्या पाळ्या) मिळाली तरी गाडी ट्रॅकवर शंभर-सव्वाशे किलोमीटर धावते, आणि जाण्यायेण्यात दीड हजार. गिऱ्हाइकाची अट एकच होती: शनिवारी ट्रॅक, मंगळवारी त्याच गाडीने पणजीला कामावर. अशी गाडी बांधताना पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे या अटीनेच ठरवलं.

गाडी तिसऱ्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट, २०१८ ची. ११९७ सीसी, कागदावर ८३ पीएस (अश्वशक्ती) ताकद आणि ११३ न्यूटन मीटर टॉर्क (पिळाचा जोर), वजन पावणेनऊशे किलोच्या आत. हलकी, सुटे भाग कुठल्याही तालुक्यात मिळतात आणि चाकं ४×१०० ची (चार बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर), म्हणून रिमना तोटा नाही.

आधी ताकदीचं उरकून टाकू. टर्बो नसलेल्या इंजिनात चांगला फिल्टर, हवा आत घेणाऱ्या मार्गाची सफाई आणि रीमॅप (इंजिनच्या संगणकातल्या आकड्यांची नवी मांडणी) मिळून सात-आठ पीएस हाती लागले तर समाधान मानावं. पंचवीस टक्के वाढ सांगणारा माणूस डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) मोजलेले आकडे नव्हे, स्वप्न विकतोय. त्यातही गोवा समुद्रसपाटीला आणि कोइमतूर सुमारे ४११ मीटर उंचीवर. तिथे हवेचा दाब पाचेक टक्क्यांनी कमी, म्हणजे ९० पीएसमधले चार तिथे पोचताच गेले. रीमॅपची निम्मी कमाई घाटापलीकडे जमाच होत नाही. रीमॅप करायचाच असेल तर लॉंग टर्म फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोलचं प्रमाण किती कमीजास्त करतोय तो आकडा) ±५ टक्क्यांत असल्याची आधी खात्री करा. ट्रिम त्याबाहेर असेल तर कुठेतरी हवा गळतेय किंवा सेन्सर मळलाय, आणि मॅप त्या चुकीवरच रचला जाईल.

पैसे घालायचे ते ब्रेकमध्ये. गोव्यात यालाही एक स्थानिक पदर आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडे जूनपासून हवेत पाण्याशिवाय दुसरं काही नसतं. डॉट ४ या प्रतीच्या ऑइलचा कोरा उत्कलनबिंदू किमान २३०° सेल्सिअस, तर ३.७ टक्के पाणी शिरल्यावर १५५°. डॉट ३ चे आकडे २०५° आणि १४०°. गावातल्या वापरात हा फरक कधी जाणवत नाही. ट्रॅकवर पाचव्या-सहाव्या फेरीला पेडल स्पंजासारखं दबायला लागतं तेव्हा जाणवतो. सीलबंद एक लिटर डॉट ४ फोडा, सगळं सर्किट धुऊन काढा, उरलेलं टाकून द्या. फडताळात ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या गाडीत घालू नका.

ऑइल बदलताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा (पेडलने चालणाऱ्या ब्रेकच्या मुख्य पंपाचा) पिस्टन शेवटपर्यंत कधीच जात नाही, त्यामुळे पुढच्या भागात गंजाची कड धरलेली असते. ब्लीडिंग करताना (जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढताना) पेडल तळापर्यंत दाबलं की रबरी सील त्या कडेवर घासून फाटतं. मग दोष नव्या ऑइलवर येतो. मागच्या ड्रमचे ब्लीडर निपल (ऑइल बाहेर काढायच्या तोट्या) खाऱ्या हवेने धरलेले असतात. आदल्या रात्री गंजनाशक मारून ठेवा आणि सहा कोनांचाच पाना लावा. बारा कोनांचा पाना निपलचं डोकं गोल करतो.

पुढे जास्त तापमान सोसणारे पॅड, स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या), आणि फॉग लॅम्पच्या जागेतून ५० मिलिमीटर व्यासाचा हवेचा पाइप. पाइपचं तोंड डिस्कच्या मध्याकडे, हबच्या बाजूला हवं, म्हणजे हवा डिस्कच्या पोटातल्या खाचांतून बाहेर फेकली जाते. नुसत्या एका पृष्ठभागावर हवा मारली तर डिस्क दोन बाजूंनी वेगवेगळी तापते आणि तडे जातात. पाइपच्या तोंडाला जाळी बसवा, नाहीतर रस्त्यावरची खडी सरळ डिस्कवर.

रेडिएटरपुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि दोघांच्या मधल्या फटीत तांबड्या मातीचा थर बसतो. चिरेखाणीच्या किंवा बांधकामाच्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाडीत तो बाहेरून दिसतही नाही. कंडेन्सर सैल करून इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या नळाचं पाणी सोडा. प्रेशर वॉशरने पातळ पाती आडवी होतात आणि आजार उपायापेक्षा बरा वाटू लागतो.

उंची २५ मिलिमीटरच उतरवली. त्याहून जास्त खाली आणलं तर गोव्यातले गतिरोधक तळ खरवडतात. कॅम्बर बोल्टने पुढे उणे दीड अंश (चाकाचा माथा आत झुकलेला), टो (चाकाचं तोंड आत किंवा बाहेर किती वळलंय ते) शून्य. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा), तिथे हात लावण्यासारखं फारसं काही नाही. ट्रॅकसाठी १९५/५५ आर १५ चे टायर वेगळ्या रिमवर चढवून सोबतच्या गाडीत. मूळ १८५/६५ आर १५ पेक्षा त्यांचा व्यास चार टक्क्यांनी कमी, म्हणून स्पीडोमीटर तेवढाच जास्त दाखवतो. फेरीनंतर गिऱ्हाइकाने सांगितलेला वेग ऐकताना हे लक्षात ठेवावं.

कायद्याचं थोडं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे फेरफार चालत नाहीत, आणि केरळात याबाबत कडकपणा आहे. मूळ सायलेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि मूळ मापाची चाकं रस्त्यावर कायम ठेवा. विम्याच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, म्हणजे ट्रॅकवर वाकलेला पत्रा गिऱ्हाइकाच्याच खिशातून. हे आधी लेखी सांगितलेलं बरं.

रस्ता दोन दिवसांत करा. पहाटे पाचला फोंडा, मडगाव, मग करमलचा घाट. हा घाट म्हणजे गाडीची पहिली तपासणी, वेगाने नव्हे, कानाने. खिडक्या उघड्या ठेवून तिसऱ्या गिअरमध्ये चढा आणि वळणावर चाकाकडून घूं-घूं येते का ऐका. काणकोणला थांबून चारही रिमना हात लावून बघा. एखादं बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तिथला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जातंय. आमच्या गाडीचं पुढचं डावं किंचित गरम होतं. पॅड नवे आहेत, बसतील, असं म्हणून पुढे गेलो. ती चूक पुढे भोवली.

गोव्याच्या सीमेवरचं पोळे ओलांडलं की कारवार, अंकोला, कुमटा, होन्नावर, भटकळ, उडुपी. अंकोल्याजवळ शिरूरला जुलै २०२४ मध्ये दरड कोसळली होती. पावसाळ्यात हा पट्टा दिवसाउजेडीच पार करा. तलपाडीपासून केरळ. तिथे रुंदीकरण चालू असेल तर सेवा रस्त्यांवर वळवतात आणि खड्ड्यांसोबत सळ्यांचे तुकडेही भेटतात. नवा थलश्शेरी-माहे बायपास मात्र वेळ वाचवतो. मुक्काम कण्णूर किंवा कोझिकोडला. दुसऱ्या दिवशी पेरिंतलमण्ण, पालक्काड, वाळयार आणि चेट्टीपाळयम.

पोचल्यावर आधी टो तपासा, कारण खड्ड्यांनी तो हललेला असतो. दोन्ही बाजूंना गाडीला समांतर दोऱ्या ताणा आणि पुढच्या रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर पोलादी पट्टीने मोजा. आमच्याकडे उजव्या चाकाला दोन मिलिमीटर फरक आला. टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) अर्धा आटा फिरवून तो शून्यावर आणला. टायरची हवाही तिथेच नव्याने मोजा: उंचीमुळे गेज पाऊण पीएसआय जास्त दाखवतो. थंड असताना २७, आणि सेशननंतर गरम असताना ३३ च्या वर गेली तर लगेच सोडा.

स्टेपनी, जॅक, पायपुसणी, डिकीतली पाण्याची बाटली, सगळं बाहेर. टो हुक (बंद पडलेली गाडी ओढायचा) बसवा. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेला, आणि टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. ३७ लिटरच्या टाकीत पेट्रोल कमी असलं की लांब वळणात पंप हवा ओढतो आणि गाडी आचके देते. पंधरा मिनिटांच्या एका सेशनला चार-पाच लिटर धरा.

पहिलं सेशन पॅड बसवण्यासाठीच. ऐंशीवरून वीसवर आठ-दहा वेळा, मध्ये कुठेही पूर्ण न थांबता, मग दोन फेऱ्या ब्रेक न लावता. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. गिअरमध्ये ठेवून चाकाखाली लाकूड घाला.

दुसऱ्या सेशनला पेडल लांब गेलं. इथे घाईने ब्लीडिंगला बसू नये, कारण पेडलच रोग सांगतं. स्पंजासारखं असेल तर ऑइल उकळलंय किंवा हवा आहे. टणक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून निसटतोय. लांब जातं पण दुसऱ्या दाबाला टणक होतं आणि हे वळणानंतरच घडतं, तर डिस्क डगमगून पॅडना मागे ढकलतेय. आमचं तिसरं होतं. चाक उचलून बाराच्या आणि सहाच्या जागी धरून हलवलं, तर पुढच्या डाव्या चाकात खळखळ. काणकोणला गरम लागलेलं रिम हेच.

स्विफ्टचं पुढचं बेअरिंग नकलमध्ये (चाक धरणाऱ्या ओतीव भागात) प्रेसने, म्हणजे दाबयंत्राने, बसतं. पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारच्या गाड्या उभ्या करायच्या जागेत) हातोड्याने ते नीट बसत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच भंगारातून डावा आणि उजवा असे दोन नकल घेऊन त्यात नवी बेअरिंग बसवून ठेवावीत. सोबत ॲक्सलचे नवे नट, कारण जुना नट ठोकून बंद केलेला असतो, तो परत वापरायचा नसतो. असा संच असेल तर दोघांना सव्वा तासाचं काम. आमच्याकडे फक्त उजवा होता. गावातल्या प्रेसवर जाऊन येईपर्यंत दोन सेशन बुडाली. बेअरिंग सैल असताना सरळ पट्ट्यावर डाव्या पायाने पेडलला हलका टोला मारून पॅड पुढे आणता येतात, पण त्या भरवशावर फेऱ्या मारू नयेत.

उरलेल्या एका सेशनात पेडल शेवटपर्यंत वर राहिलं. कूलंट ९८° च्या वर गेलं नाही.

परतताना रस्त्याची चाकं चढवल्यावर पन्नास किलोमीटरनी पालक्काडला नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. पॅडची जाडी आतल्या आणि बाहेरच्या बाजूला वेगळी मोजा. दहावरून बाहेरचे साडेआठ आणि आतले सात आले, म्हणजे कॅलिपरच्या सरकत्या पिना जड झाल्यात. फोंड्याला आल्यावर त्या उघडून ग्रीस भरलं, ऑइल पुन्हा बदललं, आणि सगळे आकडे लिहिलेला कागद ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवून चावी गिऱ्हाइकाच्या हातात दिली.